कवींचं कापड परवा मिळेल

माझ्या लग्नाचा कोट लग्न झाल्यावर देणारा माणूस आज सकाळी गेला.

भुजंगमामा टेलर. हिंगोलीत राष्ट्रकवींचा पुतळा आहे ना, त्या चौकात अगदी समोर त्यांचं दुकान.

पुतळा बसला, पण अनावरण होईना. मंत्र्यांची तारीख मिळायची, कॅन्सल व्हायची. तोवर कवी गुलाबी कापडाच्या खोळीत. खोळ मामांनीच शिवलेली, नुसत्या मापांवरून; पुतळा ती घालूनच गावात आला.

जवळच्या गोरेगावहून येणाऱ्या जीपवाल्याला लोक सांगायचे, "गुंडाळलेल्या बाबापाशी सोड."

मामांना त्या कवींच्या कविता पाठ. मशीन चालवताना म्हणायचे. पुतळा व्हावा म्हणून अर्ज करत फिरणाऱ्यांत तेच पुढे होते.

मग डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. मामा मला म्हणाले, "मंत्र्याला टाइम न्हाई. मला तरी कुठं हाय? एकदा तोंड बघायचंय त्यांचं."

उन्हाळ्यात वावटळ आली आणि खोळ टराटरा फाटली.

पुतळा समितीच्या अध्यक्षांनी मामांना फर्मावलं, काढा आणि उद्या शिवून द्या.

टेलरला उद्या म्हणाले. तिथंच चुकले.

मामांनी शिडी लावून खोळ उतरवली. खाली येऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले. गळ्यात टेप तशीच.

"नाक बराबर आलंय," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. परवा या.

परवा आले, तर तुरपाई राहिली होती. पुढं मशीनचा पट्टा तुटला. मग लग्नसराई लागली.

शेवटी अध्यक्ष वैतागले. "काहून हो मामा, पुतळ्याला काज-बटण लावून राहिले का?"

"मोठा माणूस हाय, साहेब. फिटिंग नीट पाहिजे."

तोवर पोरं चौथऱ्यावर बसून अभ्यास करू लागली. जयंतीला हार पडला. मंत्र्यांची तारीख पुन्हा आली आणि गेली, कुणी विचारलंही नाही. अनावरण राहूनच गेलं.

मामा रोज शटर उघडलं की आधी समोर बघायचे.

आज त्यांच्या अंगावर घालायला चादर शोधत होतो. कपाटात तळाशी ती खोळ निघाली. शिवलेली, इस्त्री केलेली.

मामी म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी तयार होती. मला म्हणले, कुणाला बोलू नको."

म्हणजे जन्मात एक काम वेळेवर केलं, आणि तेच लपवून ठेवलं.

अध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांनी खोळ हातात घेतली, शिवण उलटीसुलटी करून पाहिली, आणि भरल्या डोळ्यांनी मोठ्यानं हसले. मग मामीही हसल्या.

मामा, डिलिव्हरी मिळाली.

आता निवांत जा.