नातीचा राब, बाईंचं अक्षर

सन २०१९, मी अडुसष्ट वर्षांचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्या राबाचा धूर नाकात गेला की तेच साल आठवतं. नात नववीत होती. तोंडानं सगळं घडाघडा सांगायची, पण एक ओळ लिहिताना तिची बोटं घामेजायची आणि लिहिलेलं कोणाला वाचता यायचं नाही. तिच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "बाबा, हिला डिसग्राफिया आहे. डोक्यातलं हातातून उतरत नाही. डॉक्टरचा दाखला काढा, म्हणजे दहावीला ही सांगेल आणि लेखनिक लिहील. नाहीतर नापास होईल. तुमची सही हवी." मला संशय आला. दाखला म्हणजे पोरीवर कायमचा शिक्का, आणि लिहिणारा आपलंच घुसडणार. "मंग आताच लिवा, ही सांगंल तसं," मी म्हटलं आणि नातीकडे वळलो, "गो, राब कसा भाजायचा सांग." बाई शहरातल्या, त्यांना राब काय ठाऊक? नात म्हणाली, "आज्या, परीक्षा माझी का बाईंची?" "दोघींची." ती सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. शेवटी म्हणाली, "आज्या घाई करतो, म्हणून दरसाल एक कोपरा कच्चा राहतो." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. मला वाचता येतं, पण जोडाक्षरं अडतात. म्हणून धसई गावच्या गिरणीवाल्याकडून तो कागद वाचून घेतला, कोणाचा ते सांगितलं नाही. आधी शेण, मग सुक्या पानांचा पातेरा, गवत, वर माती, आग वाऱ्याच्या उलट बाजूनं, सगळं बरोबर. शेवटी तो हसला, "दादा, हा घाईचा आज्या कोण रे?" बाईंनी तेवढंही गाळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन मी दाखल्यासाठी ठाण्याच्या गाडीत बसलो. सही मात्र डॉक्टरसमोरच करीन, असं बाईंना बजावलं.