काय विकायचं न्हाय, ते आधी सांगा

मुनशीजी गेले, हे मला सुनेला बांगड्या भरायला आलेल्या कासारणीनं सांगितलं. सुनेचा हात दाबत, सहज बोलल्यासारखं. "त्ये कागद लिवणारं म्हातारं गेलं की वो आज्जी. लई दिस झालं." लई दिस म्हणजे तीन आठवडे! मला असा राग आला म्हणता... त्यांच्या घरच्यांचा, त्या बिचाऱ्या कासारणीचा, आणि माझा स्वतःचाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं, वर्षातून एकदा तरी, माझ्या दारात येऊन "बाई, पाणी द्या" म्हटलं, तो गेल्याचं मला असं कळावं? तेव्हापासून पाण्याचा तांब्या भरताना रोज त्यांची आठवण येते. आणि खरं सांगायचं तर पहिली आठवण शिव्यांचीच येते, कारण ह्या माणसाला मी आयुष्यात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या कुणालाच घातल्या नाहीत.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. घराचा बैनामा, म्हणजे खरेदीखत, उर्दूत लिहायचा. आमच्या माकणीत उर्दू वाचणारा औषधालाही सापडायचा नाही, म्हणून तालुक्याच्या कचेरीबाहेर निंबाखाली बसणाऱ्या मुनशींकडं जावं लागे. शिवलिंगप्पा मुनशी त्यांतले सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत खडूस. घरात कानडी, बाजारात मराठी, कागदावर उर्दू. नको असलं की एकच कानडी शब्द, "इल्ला." तो शब्द ऐकला की समजायचं, आज काही हा माणूस टाक दौतीत बुडवत नाही.

घर माझ्या चुलत सासऱ्यांचं, अण्णांचं. तीन खण, वर माळवद, मागं एक लहान खोली आणि परसात आड. अण्णांचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत लागला होता, त्याच्याकडं ते कायमचे निघाले. घर बाहेर कुणाला देण्यापेक्षा पुतण्याला द्यावं, असं घरच्या घरात ठरलं. आम्ही तेव्हा नदीकडेच्या दोन भाड्याच्या खोल्यांत होतो. भिंतींना बारा महिने ओल. माझं पहिलं लेकरू त्याच ओलीत, पंधरा दिवसांचं होऊन, छाती भरून गेलं. आता मला सातवा लागला होता. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं बाळंतपणाला माहेर नव्हतं. अण्णांच्या घरातली ती मागची खोली कोरडी खडखडीत, सकाळी पुरुषभर ऊन आत यायचं. मी मनात तिथं बाज टाकून ठेवली होती. मला घर नको होतं, मला ती खोली हवी होती.

हे आणि अण्णा मुनशीजींकडं गेले, तर त्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं. "घर बघितल्याबिगर म्या घराचा कागद लिवत न्हाय." मग बैलगाडी जुंपून त्यांना गावात आणलं. उंच, वाळकुडा माणूस, गळ्यात लिंग, काखेत कागदांचं बासन. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाले, "इल्ला. ज्या घराचा कागद लिवायचा, तिथलं पाणी कागद झाल्याबिगर पीत न्हाय." मी मनात म्हटलं, मर मग तहानेनं! त्यांनी घर पावलांनी मोजलं, चारी दिशांना कोण राहतं ते विचारलं आणि ओट्यावर मांडी घालून अण्णांना म्हणाले, "काय विकायचं न्हाय, ते आधी सांगा."

"समदं इकलं की," अण्णा हसले. "पुतण्यालाच देतोय. आता काय ऱ्हायलं?"

"समदं विकलं म्हणणारा माणूस एक तर साधू असतो, न्हायतर इसरभोळा. तुमी साधू दिसत न्हाईत."

मग अण्णांना एकेक आठवू लागलं. देव्हाऱ्यातले टाक त्यांच्यासोबत जाणार. जातं राहणार. शेजाऱ्याला आडावर पाणी भरू द्यायचं, कारण आड खणताना त्याच्या बापानं माती उपसली होती. मुनशीजी प्रत्येक गोष्ट लिहीत गेले. आणि शेवटी मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत एक चूल, दोन भांडी, गुंडाळलेली वाकळ. "हितं कोण ऱ्हातं?"

तिथं काशीआत्या राहायची. अण्णांची बहीण, नवव्या वर्षी विधवा झालेली. तेव्हापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, त्या खोलीत. अण्णा म्हणाले, "काशी व्हय? ती ऱ्हाईल की ह्येंच्याकडं." आणि त्याच वेळी आमचे हे म्हणाले, "आत्या तर अण्णांसंगं सोलापूरला जाणार न्हाय का?" दोघंही खोटं बोलत नव्हते. घरातल्या घरात व्यवहार, ती तर आपलीच, म्हणून दोघांनी तिला एकमेकांच्या पदरात टाकून दिलं होतं. आणि मी? मी तर तिच्या चुलीच्या जागी बाज टाकली होती. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मुनशीजींनी दौतीला झाकण लावलं. काशीआत्याला उंबऱ्यात बसवून विचारलं, "बाई, तुमी कुठं ऱ्हाणार?" तिनं अण्णांकडं बघून मान हलवली. मग ह्यांच्याकडं बघून हलवली. मुनशीजी उठले. "मान हलवलेली कागदावर उमटत न्हाय. ह्या बाई तोंडानं बोलतील तवा मला बोलवा." आणि पाण्याचा थेंब न घेता गाडीत जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा आणलं. मधल्या काळात अण्णांनी आणि ह्यांनी तोड काढली होती, आत्यानं पाळीपाळीनं राहावं, सहा महिने सोलापूर, सहा महिने माकणी. मुनशीजींनी ते लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं. आत्यानं पुन्हा मान हलवली. कागद घडी घालून बासनात! तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पदर सावरून मी आतूनच ओरडले, "मुनशीजी, लिवा की एकदाचं! माझं दिस भरत आलेत. का ओल्या भिंतीत दुसरंबी लेकरू घालवू?" सासरच्या माणसांसमोर सुनेनं असं बोलायचं ते दिवस नव्हते. मुनशीजी मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "बगा, तुमी तोंडानं मागितलं. आता ह्या बाईंना बी एक डाव मागू द्या. चाळीस वर्सांत कुणी इचारलं नसंल, तर जरा येळ लागायचाच."

त्या दिवशी मी त्यांना घातलेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत. दिवेलागणीला काशीआत्या आमच्या भाड्याच्या घरी आली. कधी येत नसे. भिंतीवर हात ठेवून बघितला, ओला हात लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "तुला ती खोली पायजे व्हय गं?" मी रडायलाच लागले. व्हय म्हटलं, लेकराचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. "मग मागायची की मला," ती म्हणाली. "समदे एकमेकांला मागत्यात. मला कुणी मागितलीच न्हाय." मी तिच्या पाया पडले. एवढंच केलं, पण तिथून माझं आणि तिचं नातं सुरू झालं.

तिसऱ्या खेपेला मुनशीजी आले तेव्हा काशीआत्या बोलावण्याआधीच उंबऱ्यात बसली होती. "लिवा," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "मागली खोली माझी, मरस्तवर. म्या कुठं जायची न्हाय. आन् ही सून बाळंत हुईल ती हितंच, माझ्या खोलीत. त्ये बी लिवा." अण्णा म्हणाले, "अगं, बाळंतपण कुणी कागदात लिवतं का?" मुनशीजी टाक बुडवत म्हणाले, "म्या लिवतो." आणि लिहिलं! कचेरीत ते वाचून कारकून पोट धरून हसला म्हणे. पण शिक्का बसला. कागद लिहून झाला त्याच दुपारी मुनशीजींनी आमच्या घरचं पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या दोन तांबे प्याले. मला एकदम वाईट वाटलं. आधीच्या दोन खेपा हा माणूस उन्हातून तहानलेला आला आणि तहानलेलाच गेला होता.

दीड महिन्यानं त्याच खोलीत, काशीआत्याच्या हातावर, माझा थोरला जन्मला. पुढं तिनं माझी आणखी दोन बाळंतपणं केली आणि त्याच खोलीत, ठरल्याप्रमाणं, शेवटचा श्वास घेतला. निजाम गेला, उर्दू गेली, मुनशीजींचं दुकान बसलं. उतारवयात मराठीत अर्ज लिहीत ते कसेबसे दिवस काढत होते. पण वर्षातून एकदा यायचे. पाणी प्यायचे, मागच्या खोलीत डोकावायचे आणि पोरांना आपली ती बैनाम्याची कथा सांगायचे. माझ्या शिव्यांसकट! मी म्हणायचे, "पुरे की आता मुनशीजी." ते म्हणायचे, "इल्ला."

हे जाऊनही आता सहा वर्षं झाली. मागच्या खोलीत मी राहते. धाकटा पुण्याला स्थायिक झाला, म्हणून त्याचा हिस्सा थोरला विकत घेतोय. मागच्या रविवारी वकिलाकडून टाइप केलेला कागद आला. सगळ्यांना बसवून थोरल्यानं तो वाचला. चतुःसीमा, आड, माळवद... सगळं नीट होतं. मी कुठंच नव्हते. मुद्दाम नव्हे हो, चांगली आहेत माझी पोरं. मी तर त्यांची आईच, मला काय लिहायचं? वाचून झाल्यावर थोरल्यानं विचारलं, "आई, ऐकलंस? बरोबर हाय का?"

मी उंबऱ्यात बसले होते. मी मान हलवली.

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. मग कागदाची घडी घातली, खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"आई," तो म्हणाला, "मान हलवलेली कागदावर उमटत न्हाय. तोंडानं बोल."