रायफलीचं पितळ

आजोबांच्या ठासणीच्या लष्करी रायफलीची मी एक वही ठेवली होती. लांबी एक मीटर चाळीस सेंटिमीटर, वजन चार किलो तीनशे ग्रॅम, दस्त्यावर ओरखडे अकरा. तारापूरच्या कारखान्यात मी माल तपासतो, ती सवय घरीही जात नाही. रायफल आहे तशी राहावी एवढाच माझा हट्ट. पॉलिश नाही, नवा स्क्रू नाही. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसायची आणि लोखंडाला तेलाचं बोट लावायचं.

परवाना माझ्या नावावर झाला तो मनोरच्या चुलतभावाने न कुरकुरता सही दिली म्हणून. अलीकडे मात्र आला की तो एकच विचारायचा, "दादा, मुंबईची लोकं असल्या वस्तू शोधत फिरतात ना?" मी त्या प्रश्नाच्या तारखाही वहीत लिहिल्या होत्या.

गेल्या वर्षी दसऱ्याआधीच्या रविवारी कपाट उघडलं. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी आणि घोड्याखालची कडी पिवळीधमक! महिन्यापूर्वी दोन्ही जुन्या गुळाच्या रंगाच्या होत्या. गुरुवारी मी कामावर असताना भाऊ घरी येऊन गेला होता. कपाटाची दुसरी किल्ली देवघरात असते, हे त्याला ठाऊक होतं.

व्हर्नियर लावला. जाडी तीच. वजन तेच. इथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, मापं जुळवूनच नवं पितळ बसवलंय. मी फोन केला.

"गुरुवारी कपाट उघडलंस?"

"कुठला कपाट?"

"रायफलीचं. जुनं पितळ कुठंय?"

"दादा, मी चा पिऊन गेलो. साखर एक चमचा होती. लिव वहीत." आणि फोन ठेवला.

मग बॅटरी घेऊन पुन्हा पाहिलं. स्क्रूच्या खाचेत तपकिरी तंतू अडकला होता. सुईने काढला, हुंगला, जिभेला लावला. चिंच.

स्वयंपाकघरात बायको समई पुसत होती. "दसऱ्याला पूजेत मांडणार ना? ताम्हन घासलं, समई घासली. तीच तेवढी कळकट का ठेवायची?"

"अगं, दीडशे वर्षांचा रंग होता तो!"

"मग सांगायचं होतंत. सगळं त्या वहीत लिहिता. ती तरी मला कधी दाखवलीत?"

दर दसऱ्याला भाऊ झेंडूचा हार आणायचा आणि रायफलीला तो आम्ही दोघं मिळून घालायचो. त्या दसऱ्याला दुपारचे दोन वाजले तरी तो आला नाही. मी आपट्याची पानं आणि वही घेऊन मनोरला गेलो. नवी नोंद उघडून त्याच्यापुढे धरली: 'पितळेचा मूळ रंग गेला. कारण चिंच. भावावर घेतलेला संशय खोटा.'

त्याने ती वाचली. मग मागची पानं उलटली. त्या तारखांचा मला विसर पडला होता.

"पाच वेळा इचारला मी?" तो म्हणाला. "अरे, कोनी चोरून नेल म्हनून भ्या वाटायचा. इकायला नाय इचारला."

मी आपट्याची पानं पुढे केली. त्याने ती घेतली. वही मात्र परत दिली नाही, आणि मीही मागितली नाही.