वरवंट्याखालची देवयानी

देवयानी टिपणीसच्या बर्मिंगहॅमच्या घरात शिरलात की जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत बोकडच बोकड. बाकीच्यांच्या घरी तिथे मुलांचे ग्रॅज्युएशनचे फोटो असतात, आजी-आजोबा असतात. हिच्याकडे दाढीवाले, वाकड्या शिंगांचे, अंगभर झिपऱ्या असलेले वेल्सचे रानबोकड. कुणी कड्याच्या टोकाला उभं, कुणी फटीत बसून रवंथ करतंय, दोघं एकमेकांना टक्कर देतायत. मंडळाच्या गणपतीत बायका तिला तोंडावर ‘बोकडवाली’ म्हणतात. तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही, उलट कोणता बोकड आवडला ते विचारते. मुलगी तनिषा कुरकुरते, आई, माझा एक तरी फोटो लाव की. अगं, लावलाय ना, फ्रिजवर.

पेशाने देवयानी रेडिओग्राफर. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढायचे आणि शनिवारी गाडी काढून वेल्सच्या डोंगरात, एरिरीला, पळायचं. तिथले बोकड-शेळ्या म्हणे कुण्या जुन्या काळी माणसाळलेले होते, मग सुटले आणि रानटी झाले. त्यांना गाठायचं तर नुसत्या दगडांवरून हातापायांनी चढावं लागतं. साठीला टेकलेल्या बाईने हे करावं का, असं तिला पुष्कळांनी विचारून झालंय.

आता तिचा नवरा विनय. बँकेत कॉम्प्युटरचं काम, मूळचा कोथरूडचा. लग्नानंतर वर्षभर ती त्याला ‘अहो’ म्हणायची, बर्मिंगहॅमला आल्यावर ते कधी गळून पडलं दोघांनाही कळलं नाही. माणूस हुशार, शांत, पण उंचीला असा भितो की काय सांगायचं! स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी तळव्यांना घाम फुटतो. मग बायकोबरोबर तो डोंगरात कसा जायचा? तर जायचा आणि खालीच बसायचा. रस्त्याकडेला गाडी लावली की घडीची खुर्ची, मांडीवर ब्लँकेट, थर्मासात आल्याचा चहा, डोळ्यांना दुर्बीण आणि हातात वॉकी-टॉकी.

आणि खरी गंमत ही की त्याच्यावाचून तिचं पानही हलत नसे. डोंगरावर असताना दोन दगडांपलीकडचा बोकड दिसत नाही. खालून मात्र अख्खा उतार दिसतो. विनय शोधायचा, देवयानी चढायची. “डावीकडे घे. अजून. आता थांब, तो उठला.” तिच्या प्रत्येक फोटोत अर्धा डोळा त्याचा आहे, असं ती स्वतःच सांगते.

तिथली वेल्श नावं दोघांच्याही जिभेवर कधी बसली नाहीत. पाच अक्षरं आणि त्यात एक स्वर असेल तर शपथ. म्हणून त्यांनी आपलीच नावं पाडली, आणि तीही स्वयंपाकघरातली. उभा गोलसर सुळका तो वरवंटा. सपाट कातळ तो पोळपाट. पाय घसरवणारा भुसभुशीत उतार ती किसणी. वरवंट्याच्या खालच्या अंगाची अरुंद कपार ते फडताळ. “किसणी टाळ, पोळपाटावरून ये,” असं विनयने म्हटलं की तिला नकाशाची गरजच उरत नसे. नकाशा बॅगेत असायचा आणि बॅगेतच राहायचा.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी विनयला एक शेळी कळपापासून बाजूला झालेली दिसली. व्यायला झाली होती. नुकतंच जन्मलेलं करडू पहिल्यांदा पायांवर उभं राहताना टिपायचं, हे देवयानीचं किती वर्षांचं मनात होतं. ती बोलत बोलत चढली, वरवंट्याखाली पोचली, दगडाआड पोटावर पडून राहिली. आणि मिळालं तिला ते. ओलंचिंब, काळंपांढरं करडू, चारही पाय चार दिशांना, मागे आईचं थोबाड. दोघं एकत्र मावावीत म्हणून कॅमेरा डोळ्याला लावूनच ती उठली आणि एक पाऊल मागे सरकली. मागे पाऊल ठेवायला जागाच नव्हती.

ती फडताळावर पडली म्हणून वाचली. नाहीतर धडगत नव्हती. कॅमेरा गळ्यात राहिला, वॉकी-टॉकी छातीवर राहिला, पण बॅग गडगडत खाली गेली. तिच्यात फोन, नकाशा, शिट्टी, उबदार जाकीट, सगळंच. पायाकडे बघितल्यावर एक्स-रेची गरज तिला वाटली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची हाडं बघितलेली बाई, घोटा मोडलाय हे नजरेनेच कळलं. तेवढ्यात ढग खाली उतरला आणि खालचा रस्ता, तळं, गाडी, सगळं पुसलं गेलं.

तिने विनयला सांगितलं, पडलेय, पाय मोडलाय, वरवंट्याखाली फडताळावर आहे. विनयने हातपाय गाळले नाहीत. लगेच ९९९ हा तातडीचा नंबर लावला. बचाव पथक निघतंय म्हणाले, नेमकी कुठे आहे ते सांगा. आणि तिथे त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज पार खोल गेला होता. “देवयानी, वरवंट्याचं खरं नाव काय गं?”

तिला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. इतकी वर्षं या डोंगरावर काढली, त्याच्या अंगाखांद्यावर हिंडलो, आणि एका दगडाचं त्याचं स्वतःचं नाव आपण कधी विचारलं नाही! फडताळावर कुडकुडत पडल्या पडल्या तिला स्वतःचा इतका राग आला की घोटा दुखायचा थांबला. डोंगर केवढा, वरवंट्यासारखे सुळके किती. अंधार पडायच्या आत सापडले नाही तर अंगातल्या स्वेटरवर रात्र निघणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

विनय बोलत राहिला. पथक आलं, हे त्याने सांगितलं. त्यांची प्रमुख ग्वेन नावाची बाई होती, एरवी शाळेत शिकवणारी. पथकातले सगळेच असे, आपापली कामं टाकून आलेले, एका पैशाची अपेक्षा नसलेले. (आज दर होळीला देवयानीकडून त्यांच्या ठाण्यावर पुरणपोळ्यांचा डबा जातो. तूप वेगळ्या बाटलीत.) विनयने ग्वेनला फोनमधले बोकडांचे फोटो दाखवले, हा बघा मागे दिसतो तो वरवंटा. ग्वेन म्हणाली, असे दोन आहेत, दोन वेगळ्या घळींत, आणि ढगातून दोन्ही शोधत बसलो तर उजेड जाईल. हे सगळं त्याने देवयानीला सांगितलं. मग म्हणाला, जरा थांब हं. आणि वॉकी-टॉकी गप्प झाला.

तिने हाका मारल्या. पुन्हा मारल्या. काही नाही. बॅटरी गेली असणार, तिने मनाशी म्हटलं. इतका वेळ तो आवाज होता म्हणून ती एकटी नव्हती. वर कुठेतरी करडू बारीक आवाजात ओरडत होतं. तनिषा, हॉस्पिटलमधलं स्वतःचं कपाट, डिशवॉशर लावायचा राहिलाय, काय वाटेल ते डोक्यात येत होतं. आणि वारंवार एकच, की खाली तो खुर्चीत बसून काय करत असेल.

तो खुर्चीत नव्हता.

“देवयानी! ए, ओ दे ना गं!”

हा आवाज वॉकी-टॉकीतून आला नव्हता. तो पोळपाटाच्या बाजूने आला होता, वाऱ्यातून, खरा. तिने जीव खाऊन ओ दिली. ढगातून आधी एक लाल हेल्मेट आलं, ते ग्वेनचं. तिच्या मागे पथकातले आणखी काहीजण, त्यातले दोघं स्ट्रेचर घेतलेले. आणि दोरीला बांधलेला, दोन्ही हातांनी कातळाला मिठी मारून एकेक पाय सरकवत येणारा, तोंड पांढरंफटक पडलेला विनय.

ग्वेनने नंतर सांगितलं, हा म्हणाला, कुठला वरवंटा ते मी दुर्बिणीतून पाठ केलंय, जवळ गेलो की ओळखीन. आम्ही त्याला पायथ्याच्या दगडी भिंतीपर्यंतच न्यायचं ठरवलं होतं, पण तो थांबेचना. अर्ध्या वाटेत दोनदा ओकला, पण डाव्या घळीकडे बोट दाखवलं ते अचूक.

“वॉकी-टॉकी का बंद केलास?” देवयानीने रडत विचारलं.

“दोन्ही हातांनी दगड धरले होते,” विनय म्हणाला. “बोलायला तिसरा हात कुठून आणू?”

त्यांनी तिचा पाय बांधला, तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि उतरवायला लागले. तेव्हा विनयने खाली बघितलं. झालं! चढताना नजर समोरच्या दगडावर होती. आता पायाखाली नुसता करडा पोकळ ढग. त्याने दगडाला मिठी मारली. ग्वेनने समजावलं, दोरी पक्की आहे म्हणून सांगितलं, पथकातल्या दुसऱ्याने त्याचा हात दगडावरून सोडवायचा प्रयत्न केला. तो हलेना. बायकोला न्यायला आलेला माणूस स्वतःच कड्यावर अडकून बसला.

देवयानीचं स्ट्रेचर तोवर त्याच्या खालच्या अंगाला पोचलं होतं. आडवं पडल्यामुळे तिला वर त्याच्या बुटांचे तळ नीट दिसत होते, शहरात घालायचे बूट, चिखलाने भरलेले. ह्या बुटांनी हा माणूस माझ्यासाठी इथवर आला. तिचं मन भरून आलं. मग तिने ग्वेनला समजावणं थांबवायला सांगितलं.

“विनय, खाली बघू नकोस. मी बघतेय,” ती म्हणाली. “डावा पाय सोड. अजून थोडा खाली. आहे तिथे दगड, घट्ट आहे.”

डावा बूट सुटला, हवेत चाचपडला आणि दगडावर टेकला.

“टेकला का?” त्याने डोळे मिटूनच विचारलं.

“टेकला,” देवयानी म्हणाली. “आता उजवा.”