आईच्या बांगडीतली पिन

काल मी आईच्या बांगडीत अडकवलेल्या पिनेला हात लावला आणि मुंबईतल्या त्या मोठ्या हॉटेलातलं दुकान आठवलं. मामेभावाच्या रिसेप्शनला आम्ही भिवंडीहून गेलो होतो. आईने नव्या बांगड्या घातलेल्या, त्यामुळे जुन्या बांगड्यांतल्या पिना घरीच राहिल्या, आणि नेमका लिफ्टपाशी ब्लाउजचा हूक तुटला. पदर घट्ट धरून ती त्या थंडगार, अत्तराच्या वासाच्या दुकानात शिरली. "पिन हाय का गं?" काउंटरवरच्या मुलीने नाही म्हणून मान हलवली. मग आईच्या आवळलेल्या मुठीकडे बघून तिने स्वतःच्या साडीची, खांद्यावरची पिन काढली. "घ्या मावशी. मी पडघ्याची हाय." पडघा म्हणजे आमच्या भिवंडीजवळचंच गाव. आम्ही निघालो तेव्हा ती एका हाताने पदर सावरत गिऱ्हाइकाला चॉकलेट देत होती. काल आईने हात मागे घेतला. "दुसरी घे. ही त्या पोरीची हाय."