तळमजल्यावरचा वेल

मोबाइलवर कुणीतरी परदेशातल्या एका उंच इमारतीचा फोटो पाठवला होता. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत झाडंच झाडं. मी तो आईला दाखवला, कारण आमच्या इमारतीवरची हिरवळ तिनेच लावलेली आहे.

आम्ही चंद्रपुरात एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. गावाहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा आईने खिडकीखाली वालाचं बी टोचलं आणि गच्चीवरून मला दोर सोडायला लावला. कोळशाच्या धुळीला न जुमानता वेल वर गेला, पण शेंगा धरल्या त्या थेट तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. पाणी आम्ही घालायचं आणि भाजी वरच्यांनी खायची, याची मला चीड यायची. आई शांतपणे म्हणायची, "गावात वेल शेजाऱ्याच्या छपरावर गेला का शेंगा त्याच्या. इथी काऊन बदलावं?"

हिवाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी शेंगांची पिशवी दोरीला बांधून खाली सोडली. तेव्हापासून ती रीतच पडली. वाटेत तिसऱ्या मजल्यावरून तिच्यात लिंबं पडतात, दुसऱ्या मजल्यावरच्या खालाजान कधी शेवया घालतात. आमच्यापर्यंत पिशवी चांगली जड होऊन येते.

आईने फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"झाडं लय बेस आहेत," ती म्हणाली. "पण शेंग एकाही झाडाले दिसत नाई. मंग वरचे अन् खालचे एकमेकांशी बोलतात कायवरून?"