गुडघ्यावरचा हात

माझ्यासोबत काम करणारी नीलम गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात होतो. तिला स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार होता. शेवटी श्वासाचे स्नायूही थकले. समोर पडद्यावर आमचा बंड्या खुर्चीतून उठत होता...

बंड्या म्हणजे कॉम्प्युटरमधलं माणसाचं शरीर. हाडं, सांधे, स्नायू, सगळं त्यात. कोणता स्नायू कधी आवळायचा हे आम्ही सांगत नाही. त्याने पडत-धडपडत शोधायचं, जमलं की मार्क मिळतात. एकदा नुसतं 'जोरात पुढे जा' यालाच मार्क ठेवले, तर पठ्ठ्या तोंडावर पडायला शिकला! नीलम म्हणाली, "तुझ्यासारखाच निघाला रे. मार्क मिळाले की झालं!" "मार्कांवरच इथवर आलोय, बाई," मी म्हटलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्याचा अभिमान मी लपवत नाही.

शीळफाट्याजवळच्या तिच्या घरी मात्र वेगळंच चालायचं. उठताना नीलम पुढे वाकायची, गुडघ्यावर हात रोवायची, मग वर यायची. तिची आई, मी त्यांना काकी म्हणतो, ओरडायच्या, "म्हातारीसारकी काय उठतंस गो? नीट उठ ना!" डॉक्टरांनी सांगूनही त्यांना ती सवयच वाटायची, मनावर घेतलं तर सुटेल अशी. नीलम हसून सोडून द्यायची. पण एकदा म्हणाली, "आजाराचं जाऊ दे रे. आईला मी आळशी वाटते ना, ते लागतं..."

मग तिने बंड्याच्या मांड्यांची ताकद स्वतःच्या तपासणीत आली होती तेवढीच ठेवली आणि त्याला पुन्हा शिकायला बसवलं. उभा राहिलास की मार्क, बाकी काही नाही. कित्येक दिवस तो नुसता आपटत राहिला. एका दुपारी पुढे वाकला, गुडघ्यावर हात रोवला... आणि उठला. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन मला घरी ओढूनच घेऊन गेली.

"बघ आई, याला कुणी शिकवलं नाही. माझ्याएवढी ताकद दिली, तर हा पण असाच उठला."

काकी पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. "दुसऱ्या रीतीने नाय जमत याला?"

"नाय जमलं."

त्यानंतर काकी कधी ओरडल्या नाहीत.

परवा भेटायला गेलो. नीलमची उंच खुर्ची खिडकीशी तशीच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. चहा झाल्यावर काकींनी हळूच विचारलं, "तो उठतो का रे अजून?" मी लॅपटॉप उघडला. बंड्या वाकला, त्याचा हात गुडघ्याकडे गेला. काकींनी आधार द्यावा तसा पडद्यापाशी हात धरला.

"सावकाश गो बाय," त्या म्हणाल्या.